कोण म्हणालं? कधी?

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठवा, असं समितीचं पत्र आलं. फणसाखालची घंटा, आठवीच्या वर्गाची गळकी कौलं, संमेलनातलं दशावतारी नाटक, सगळं लिहायचं ठरवून बसलो होतो. पण पहिल्या ओळीपासून इंग्रजीचे सरच समोर येऊन उभे राहिले. कोणते सर, ते आपल्या शाळेत शिकलेल्याला सांगायला नको.

नववीत सरांनी आम्हाला डायरेक्ट-इनडायरेक्ट शिकवलं, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याने आपल्या वाक्यात कसं सांगायचं ते. बाकीच्या शाळांतली मुलं त्याचा तक्ता पाढ्यासारखा घोकायची: नाऊचं देन, हिअरचं देअर, टुडेचं दॅट डे, अगोचं बिफोर. सरांनी महिनाभर तक्ता दिलाच नाही. वाक्य फळ्यावर लिहायचं आणि खडू हातात धरून विचारायचं, "कोण म्हणालं? कोणाला? कधी? कुठे?" ही चार उत्तरं मिळाल्याशिवाय वहीत पेन टेकवायचं नाही. ते म्हणायचे, "मालवणच्या पेटीत टाकलेलं 'उद्या' परळला पोचेपर्यंत शिळं होतं रे. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, ते 'उद्या' कुठल्या दिवसाचं." टुमॉरोचं द नेक्स्ट डे का होतं, हे मला त्या एका वाक्यात समजलं. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील मुंबईला होते, घरोघरी पत्रं यायची.

त्रिकालाबाधित सत्याचा काळ बदलत नाही, हे सांगायला त्यांनी पूर्वेला उगवणारा सूर्य घेतला नाही. खिडकीतून खाडी दाखवली. चंद्रामुळे भरती-ओहोटी होते, असं काल कोणी सांगितलं म्हणून भरती कालपुरती होत नाही, आजही येतेच. तेव्हा सेड असलं तरी आतलं क्रियापद वर्तमानातच ठेवायचं. आणि मराठी मुलं नेमकी कुठे चुकतात, तेही त्यांनीच दाखवलं. आपण 'तो म्हणाला की मी येतो' म्हणतो, त्यातला 'मी' म्हणजे तो. इंग्रजीत तसंच ठेवलं तर 'मी' म्हणजे सांगणारा होतो. "मराठीत 'की'नंतर माणूस स्वतः बोलतो, इंग्रजीत 'दॅट'नंतर निरोप्या बोलतो." हे वाक्य माझ्या वहीच्या पहिल्या पानावर होतं.

आता ज्या दिवसासाठी हे लिहितोय, तो दिवस. १९८२चा जुलै. १८ जानेवारीला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि माझे बाबा इतर अनेकांसारखे गावी येऊन राहिले होते. सरांनी प्रत्येकाला सांगितलं, आज सकाळी घरात कानावर पडलेलं एक वाक्य इंग्रजीत सांगा आणि ते इनडायरेक्ट करा. माझी पाळी आली. मी म्हटलं, "माय फादर सेड, आय विल गो टू बॉम्बे टुमॉरो." मग लगेच वुड घातलं, द नेक्स्ट डे घातलं. चूक काहीच नव्हती.

सरांनी सवयीने विचारलं, "कधी म्हणाले?"

"रोज म्हणतात सर."

पोरं हसली. बाबा खरंच रोज म्हणायचे, 'फाल्या मुंबैक जातलंय.' सर हसले नाहीत. फळ्याकडे वळले, सेड पुसलं, सेज लिहिलं. "सांगण्याचं क्रियापद वर्तमानकाळात आलं, म्हणून आतला काळ बदलायचा नाही. विलचं वुड नाही. टुमॉरो टुमॉरोच राहील." एवढंच बोलून पुढच्या मुलाकडे गेले. तास संपेपर्यंत ते वाक्य त्यांनी पुसलं नाही.

संध्याकाळी सर भर पावसात छत्री घेऊन आमच्या पडवीत. मला वाटलं, माझी तक्रार. चहा झाला, भातलावणीच्या गोष्टी झाल्या आणि मग बाबांनी आपणहून पेटीतून एक कागद काढला. गिरणीकडून आलेलं इंग्रजी पत्र. आठ-दहा दिवस कोणाला दाखवायचं धाडस त्यांना झालं नव्हतं. सरांनी ते आधी मनात वाचलं, मग म्हणाले, "इतक्या तारखेपर्यंत कामावर हजर झाला नाहीत तर नाव कमी करू, असं ते लिहितात."

"म्हणजे काम गेला?"

"तसं यात लिहिलेलं नाही. जेवढं लिहिलंय तेवढंच मी सांगतो."

धीराचे खोटे शब्द नाहीत आणि भीती घालणारेही नाहीत. पदरचं एक अक्षर न घालता दुसऱ्याचं बोलणं पोचवणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. बाबा पुन्हा गिरणीत गेले नाहीत. पण त्या रात्री ते जेवले, हे मला आठवतं.

पुढे मी मुंबईत कोर्टाच्या कागदपत्रांचा भाषांतरकार झालो. साक्षीदार मराठीत बोलतो, वर अपिलात त्याचं इंग्रजी लागतं. 'तो म्हणाला की मी मारलं.' यातला 'मी' इंग्रजीत तसाच उतरला तर मारणारा सुटतो आणि साक्षीदार अडकतो! असं वाक्य आलं की मी पेन खाली ठेवून सरांचे चार प्रश्न विचारायचो. १८७२च्या पुरावा कायद्यातलं ६०वं कलम सांगायचं की तोंडी पुरावा प्रत्यक्षच हवा. ऐकलेली गोष्ट ज्याने स्वतः ऐकली त्यानेच सांगायची. २०२४च्या जुलैपासून नवा कायदा लागू झाला, तत्त्व तेच राहिलं. ते कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपला नववीचा वर्ग दिसला. माझ्या भाषांतरांना वरिष्ठांनी अनेकदा शाबासकी दिली. ती मी मनातल्या मनात सरांकडे पोचती केली.

हल्ली माझी नात शिकवणीला जाते. तिथे तक्ता मिळतो, बाणांनी जोडलेला, रंगीत. एका गुणाचा प्रश्न, म्हणून एका तासात उरकतात. तिला मी विचारलं, "कोण म्हणालं?" ती म्हणाली, "आजोबा, ते विचारत नाहीत." फार वाईट वाटलं. सर असते तर मला त्यांना हे सांगवलं नसतं.

सर गेल्याचं मला ठाण्याच्या एका वर्गमित्राकडून कळलं. फोनवर तो म्हणाला, "सर गेले म्हणे." मी विचारलं, "कोण म्हणालं? कधी?" त्याला नीट सांगता येईना. 'म्हणे'वर विश्वास ठेवायची माझी तयारी नव्हती. बाकावर माझ्या शेजारी बसायचा, त्याला गावी फोन लावला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आताच खांदो देवन इलंय."