व्हिट्बी : मठ राहू द्या, शेजारचं चर्च बघा

इंग्लंडमधल्या या समुद्रकाठच्या गावाबद्दल आम्हाला सुचवणाऱ्यांनी सांगितलं होतं, "वर मठ बघा, बाजूला एक बसकं चर्च आहे, ते सोडलंत तरी चालेल." साफ चुकीचा सल्ला. मठाचे अवशेष आमचे अर्ध्या तासात उरकले, त्या बसक्या चर्चमधून, सेंट मेरीमधून, पाय निघेना.

गावातून वर चर्चकडे जाणाऱ्या १९९ पायऱ्यांचा बाऊ करू नका. पर्वती चढणाऱ्याला त्यात काही नाही. मधले रुंद टप्पे शवपेटी टेकवून खांदेकऱ्यांनी दम खावा म्हणून ठेवलेले. खरा वैरी पायऱ्यांना लागून असलेला दगडगोट्यांचा उतार. "परतताना तिकडून या, गर्दी टळेल," हेही त्याच सल्लागारांचं. भुरभुर पाऊस, शेवाळलेले गोटे आणि समुद्राचा वारा. मी दोनदा आपटलो, बायको भिंत धरून आडवी आडवी उतरली. आज चौथा दिवस, गुडघा अजून बोलतोय. ओल्यात तिकडून उतरू नका. बुटांची नक्षी कितीही खोल असो.

चर्च बाहेरून खरंच बसकं. बुटका मनोरा, घराला असाव्यात तशा खिडक्या. आत मात्र जहाजाच्या पोटात शिरल्यासारखं. बसायला कमरेच्या वर येणाऱ्या लाकडी फळ्यांचे बंदिस्त कप्पे, प्रत्येकाला दार, काहींवर लिहिलेलं : फक्त परक्यांसाठी. आम्ही हक्कानं तिथेच बसलो. मधोमध शेगडी, तिचं धुराडं थेट छतातून बाहेर. १७७८चं तिमजली व्यासपीठ : खाली चर्चचा कारकून, मध्ये प्रार्थना, वर प्रवचन. मागच्या बाजूला दोन कर्णे लटकतात. एका पाद्र्याच्या बायकोला ऐकू कमी यायचं, तिच्यासाठी. नवऱ्याचं प्रवचन चुकवायची तीही सोय नाही!

सुमारे १११०च्या नॉर्मन कमानीसमोरच चमली या जमीनदार घराण्यानं पिळाच्या खांबांवर स्वतःचा सज्जा ठोकलाय. वेदी झाकली गेली तरी बेहत्तर. आपल्याकडचे इनामदारही एवढे धजावले नसते.

आवारातले थडग्यांचे दगड खाऱ्या वाऱ्यानं मधमाशांच्या पोळ्यासारखे झालेत, नावं वाचता येत नाहीत. कड्याच्या कुंपणापलीकडे फोटोसाठी जाऊ नका. २०१२-१३च्या हिवाळ्यात कडा ढासळून इथली हाडं खाली आली होती.

चर्चला तिकीट नाही, पेटीत काहीतरी टाका. पायऱ्या जमत नसतील तर गाडी रस्त्यानं वर मठापर्यंत जाते. हे आम्हाला खाली उतरल्यावर कळलं.