आमची वाटचाल : तीन फोटोंची एक फ्रेम

संगमनेरात मी आणि धाकटा भाऊ लग्नाचे फोटो काढायचो. टाइमलॅप्सचं, म्हणजे ठराविक वेळाने काढलेले फोटो जोडून केलेल्या पळत्या व्हिडिओचं, पहिलं काम दिलं एका रिसॉर्टवाल्यांनी. भंडारदऱ्याच्या जलाशयावरचा सूर्यास्त त्यांना दहा सेकंदांत हवा होता. तिथं संध्याकाळी पश्चिमेचं आभाळ पेटलेलं असतं आणि डोंगर सावलीत बुडालेले. आभाळ सांभाळावं तर डोंगर काळे ठिक्कर, डोंगर सांभाळावेत तर आभाळ पांढरं फटक. म्हणून एचडीआर, म्हणजे उजेड आणि सावली दोन्ही एका फोटोत दाखवायची पद्धत, वापरायचं ठरवलं. दर वेळी तीन फोटो काढायचे, एक बेताच्या उजेडाचा, दुसरा त्याहून दोन स्टॉप कमी, तिसरा दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे निम्मा किंवा दुप्पट उजेड), आणि तिन्ही मिळून एक फ्रेम करायची.

सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे दहा सेकंदांना 250 फ्रेम आणि 750 फोटो. दर 12 सेकंदांनी तीन, असे पन्नास मिनिटं काठावर बसलो. कॉम्प्युटर दोन रात्री चालला. व्हिडिओ लावला तर आभाळ बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखं लुकलुकत होतं. रिसॉर्टवाले रागावले नाहीत. "हे नाही चालणार, दादा," एवढंच म्हणाले. आगाऊ घेतलेले पैसे आम्ही परत केले.

पुढचं जवळजवळ वर्ष त्या लुकलुकण्यामागे गेलं. एक कारण लेन्समध्ये सापडलं. प्रत्येक फोटोला अ‍ॅपर्चरच्या (लेन्समधल्या, उजेड आत घेणाऱ्या भोकाच्या) पात्या मिटतात, पण दर वेळी अगदी तितक्याच मिटत नाहीत. डोळ्याला एका फोटोत कळत नाही, पण अडीचशे फ्रेम पळवल्या की दिसतं. मग हाताने अ‍ॅपर्चर फिरवायची जुनी लेन्स घेतली. दुसरं कारण आमच्या हौसेचं होतं. टोन मॅपिंगमध्ये, म्हणजे जोडलेल्या फोटोचा उजेड पडद्यावर मावेल असा दाबताना, आम्ही रंग खूप ओढायचो, आणि सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमचा उजेड वेगळा मोजायचं. एक ढग सरकला की सगळी फ्रेम बदलायची. आता तिन्ही फोटो साध्या एक्स्पोजर फ्यूजनने, म्हणजे प्रत्येकातला नीट उजळलेला भाग घेऊन, जोडतो आणि रंग कमीच ठेवतो. भडक आभाळ मागणाऱ्यांना मी नाही म्हणतो. ते आपल्या सह्याद्रीचं आभाळच नसतं.

अंधार पडू लागला की आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. बेताचा फोटो 2 सेकंदांवर गेला की जास्तीचा 8 सेकंदांवर जातो, 4 वर गेला की 16 वर, आणि बारा सेकंदांत तीन फोटो बसतच नाहीत. त्याआधीच दोन फ्रेममधला वेळ वाढवायचा किंवा एकाच रॉ (सेन्सरची सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या) फोटोवर यायचं. नव्या सेन्सरना सावलीतलंही पुष्कळ दिसतं, त्यामुळे जिथं एका फोटोत भागतं तिथं आम्ही तीन काढत नाही. शटरची झीजही वाचते.

तीन फोटोंची खरी गरज भासली ती एका वाड्याच्या दुरुस्तीचा टाइमलॅप्स करताना. चौकात रणरणतं ऊन आणि सोप्यात अंधार. दिवसाचे आठ तास, दर दहा मिनिटांनी तीन फोटो, रोजचे 144. सुतार, गवंडी तिन्ही फोटोंत वेगवेगळ्या जागी दिसत आणि जोडल्यावर त्यांची भुतं व्हायची. आता माणसं फक्त मधल्या फोटोतून घेतो, भिंती आणि ऊन तिन्हींतून. त्या घरच्या आजींनी पहिल्या महिन्याचा तुकडा पाहिला आणि सोप्यातल्या एका फरशीवर बोट ठेवलं. "थंडीत ऊन इथवर येतं. मी तिथंच गहू निवडायला बसायचे."

काम अजून चालू आहे. कॅमेरा सोप्याच्या तुळईला बांधलेला आहे, आणि दर रविवारी भाऊ जाऊन कार्ड बदलतो, लेन्सवरची चुन्याची धूळ पुसतो.