बंगल्याच्या रानात मेटल डिटेक्टर घेऊन: वाठार स्टेशन, जि. सातारा

मोटारी येण्याआधी मुंबई-पुण्याहून महाबळेश्वरला निघालेली साहेब मंडळी रेल्वेने वाठारला उतरत आणि तिथून टांग्याने वाईमार्गे घाट चढत. आज वाठार स्टेशन हे पुणे-मिरज मार्गावरचं लहानसं स्थानक आहे. माझ्या मावसभावाची सासुरवाडी त्याच भागात. त्याच्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, एका तुकड्याला गावात ‘बंगल्याचं रान’ म्हणतात. बंगला रेल्वेच्या साहेबाचा होता असं जुनी माणसं सांगतात. आता बांधालगत घडीव काळ्या दगडाचं अर्धं जोतं उरलंय, चुन्याचे गोळे आणि मंगलोरी कौलांचे तुकडे उरलेत. आबा फोनवर म्हणाले, “नांगरट केली की खिळं लई निघत्यात. बैलाच्या पायात जात्यात.” तेवढ्यावर जायचं ठरवलं.

कुणाला असं काही करायचं असेल तर डिटेक्टर विकत घेण्याआधी कागद जमवावेत. आपल्याकडे जमिनीतून काही काढणं हा मालक आणि आपण यांच्यापुरता मामला नाही. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली, तर काय मिळालं, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कधी मिळालं, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंना १९७२ चा कायदाही लागू होतो. त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो. किल्ले, लेणी, जुनी मंदिरं आणि त्यांचा परिसर यांच्याकडे तर डिटेक्टर घेऊन फिरकूच नये. रेल्वेच्या हद्दीतही नाही, मग रुळाशेजारची जागा कितीही मोकळी दिसो. मालकी रान, तेही नांगरलेलं, एवढंच आपलं क्षेत्र.

आम्ही सातबारा काढला. त्यावर आबांसोबत त्यांच्या धाकट्या भावाचंही नाव होतं, म्हणून संमतीपत्रावर दोघांच्या सह्या घेतल्या. सामाईक गट असेल तर एकाची तोंडी परवानगी पुरत नाही, पुढे घरात वाद होतात. सरपंच आणि पोलीस पाटलांना आदल्या दिवशी भेटून यंत्र दाखवलं. हे टाळू नका. आपल्या भागात जमिनीत काही शोधणारा माणूस दिसला की पहिला संशय गुप्तधनाचा येतो, आणि त्या संशयामागे खऱ्या, वाईट घटना आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर याच जिल्ह्यातले. त्यांच्या हत्येनंतर २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनासाठी केले जाणारे अघोरी प्रकारही आहेत. म्हणून दिवसाढवळ्या, उघड्यावर, चार लोकांदेखत काम करावं. सायंकाळी ऊन उतरलं की आम्ही यंत्र गाडीत ठेवायचो. बघायला आलेल्या पोरांना हेडफोन कानाला लावायला द्यायचो. दुसऱ्या दिवशी तीच पोरं आमच्या मोजपट्टीचं दुसरं टोक धरून उभी होती.

शाळूची काढणी होऊन नांगरट झालेली आणि ढेकळं अजून फुटायची आहेत, हा काळ चांगला. पूर्ण वाळलेल्या मातीत सिग्नल खोलवरून येत नाही. भर पावसात काळी माती यंत्राला आणि बुटाला सोडत नाही. एखादा वळीव पडून दोन दिवस उलटले असतील तर उत्तम.

आता जमिनीविषयी, कारण परदेशी व्हिडिओ बघून येणाऱ्यांची इथेच फसगत होते. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, आणि त्यात मॅग्नेटाइट असतं. त्या दगडाची झीज होऊन बनलेल्या मातीतही लोहखनिज असतं, त्यामुळे डिटेक्टर काही नसताना कुरकुरतो आणि खोलीही कमी मिळते. वर पाचगणी-महाबळेश्वरच्या तांबड्या जांभ्यावर हा त्रास आणखी वाढतो. उपाय असा: जिथे काहीच वाजत नाही अशी जागा शोधायची, तिथे कॉइल, म्हणजे यंत्राची खालची तबकडी, जमिनीवर खाली-वर करत ग्राउंड बॅलन्स बसवायचा, म्हणजे मातीतल्या लोहाचा आवाज यंत्राला वगळायला लावायचा, आणि मातीचा रंग बदलला की तो पुन्हा बसवायचा. आबांच्या एकाच रानात वरच्या अंगाला मुरूम, खालच्या अंगाला काळी. मधे दहा पावलं टाकली की आवाज बदलायचा. सेन्सिटिव्हिटी पूर्ण चढवू नका, थोडी उतरवली की खरा सिग्नल जास्त स्पष्ट ऐकू येतो. खिळे दाट असतील तिथे लहान कॉइल हवी, मोठ्या कॉइलखाली खिळा आणि नाणं एकत्र आलं की नाणं झाकलं जातं. आणखी एक गोष्ट म्हणजे विहिरीवरची मोटर. ती सुरू झाली की आमचं यंत्र किरकिरायला लागायचं. आबांना विनंती करून पाणी द्यायची वेळ बदलून घेतली.

सुरुवातीला जे निघतं ते शेतीचं. कुळवाच्या पासेचा तुकडा, गाडीच्या चाकाच्या धावेचा तुकडा, गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी, आणि बैलांचे नाल. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पातळ पत्र्या. त्या इतक्या निघतात की कंटाळा येईल, पण फेकू नका. कुठे निघाल्या ते लिहा. रानातली जुनी गाडीवाट आम्हाला नालांनीच दाखवली. आज तिथे वाटेचा मागमूस नाही.

खिळ्यांचंही तसंच. जोत्याच्या कोपऱ्यावर खुंटी ठोकून आम्ही रानात फक्कीने दोन-दोन मीटरच्या पट्ट्या आखल्या. प्रत्येक वस्तू दोन कोपऱ्यांपासून टेपने मोजली. मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका. त्यात चार-पाच मीटरचा फरक सहज पडतो, आणि अख्खी पडवी त्याहून रुंद नसते. चौकोनी छेदाचे घडीव खिळे आणि गोल तारेचे खिळे वेगळ्या रंगाने वहीत मांडले. दुसऱ्या दिवशी दुपारी कागद समोर ठेवला तेव्हा जोत्यापुढे साधारण दहा फुटांवर चौकोनी खिळ्यांची सरळ ओळ दिसली. छप्पर खाली आलं तेव्हा पडवीचं लाकूड तिथे पडलं असणार. गोल खिळे सगळे मागच्या बाजूला, म्हणजे तिकडचा भाग नंतर जोडलेला. बंगल्याचा एकही फोटो नाही, पण त्याची पडवी आणि वाढवलेली मागची खोली कागदावर उभी राहिली. मला या सगळ्या प्रवासात सर्वात मोलाचा वाटला तो हा कागद. खिळे भंगारात टाकून फक्त नाणी उचलली असती तर यातलं काहीच कळलं नसतं.

नाणी मोजकीच मिळाली, पण जागेवर मिळाली. पडवीच्या पायरीपाशी राणीछाप पाव आणा, म्हणजे तेव्हाचा एक पैसा. साल १८६२. तिथूनच हातभर अंतरावर चांदीची चवली, म्हणजे दोन आणे, नखाएवढी पातळ. साल झिजलंय, पण भिंगाखाली ‘एम्प्रेस’ हा शब्द लागतो. व्हिक्टोरिया नाण्यांवर १८७७ पासून सम्राज्ञी झाली, त्यामुळे चवली त्यानंतरची. गाडीवाटेवर मात्र शिवराई, म्हणजे मराठी राज्याचं तांब्याचं नाणं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र’ एवढंच उरलेलं. सातारचं राज्य १८४८ साली खालसा झालं तरी शिवराई खेड्यापाड्यांत पुढे बरीच वर्षं चालत होती. साहेबाच्या पायरीवर राणीचा पैसा आणि बैलगाडीच्या वाटेवर शिवराई, हे दोन बिंदू नकाशावर पाहून मी बराच वेळ काही बोललो नाही. मागच्या बाजूला उकिरड्याच्या जागी पितळी बटणं निघाली, एकाच्या पाठीवर इंग्रजीत बर्मिंगहॅम असं कोरलेलं. गोटी सोड्याच्या बाटलीची मानही तिथेच होती.

खणताना एक वीतभर खोलीच्या खाली जाऊ नका. नांगराचा फाळ जिथवर जातो तिथली माती आधीच ढवळलेली असते. त्याखालचं जसंच्या तसं आहे, ते शास्त्रशुद्ध उत्खनन करणाऱ्यांसाठी राहू द्यावं. जोत्याच्या दगडाला हात लावायचा नाही. खड्डा लगेच बुजवायचा. खुरपं आणि पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, एवढं पुरतं. दगडांच्या राशीजवळ घोणस असते, म्हणून घोट्याच्या वर येणारे बूट घाला आणि न बघता कपारीत हात घालू नका. जुनं काडतूस किंवा गोळा दिसला तर जागेवरच सोडून पोलीस पाटलांना सांगा.

नाणं चिंचेने किंवा राखेने घासू नका. तांब्यावरचा हिरवट थर हाच त्याचा बचाव असतो आणि त्याखालचे बारीक तपशीलही घासण्याने जातात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, मऊ ब्रशने माती सोडवा, बस. प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर पट्टीचा आणि वस्तूचा क्रमांक.

परतताना साताऱ्यात थांबून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक खिडकीवर यादी, फोटो आणि नकाशाच्या प्रतीसह अर्ज दिला आणि पोच घेतली. अर्जावर गट क्रमांक आणि जमीनमालकांच्या सह्या असू द्या, नाहीतर पुन्हा हेलपाटा पडतो. पुढच्या सूचना येईपर्यंत वस्तू आबांच्या कपाटात आहेत. वेळ असेल तर सातारच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयातही जाऊन या.

पुण्याहून येणाऱ्यांना लोणंदवरून साल्पे घाटाच्या रस्त्यानेही येता येतं. रेल्वेने आलात तर परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, कारण थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. रानात सावली नाही, माणशी निदान चार लिटर पाणी हवंच. आम्ही गेलो तेव्हा शेजारच्या वावरात शाळू उभा होता आणि गाडीवाट सरळ त्यातच जाते. त्या मालकांशी आबांनी बोलणं केलंय. त्यांचं संमतीपत्र हातात आलं की फक्कीच्या रेषा तिथवर वाढवायच्या आहेत.