घरगुती डेटाबेस इंजिन, प्रगती-नोंद 4: लॉग आधी, पान नंतर

मागच्या नोंदीपर्यंत माझे इंजिन तक्त्यात नोंदी भरू शकत होते, किल्लीवरून, म्हणजे नोंद ओळखण्याच्या मूल्यावरून, त्या शोधू शकत होते आणि प्रोग्राम रीतसर बंद केला असेल तर दुसऱ्या दिवशी त्या परतही देत होते. यातील ‘रीतसर बंद केला असेल तर’ ही अट काढून टाकणे एवढेच या खेपेचे काम होते, आणि त्यासाठी लिहिलेल्या ओळींपेक्षा खोडलेल्या ओळीच अधिक भरतील.

आधी रचना थोडक्यात सांगतो. सर्वांत वर पार्सर आहे, जो क्वेरीचे, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचे, वाक्य वाचून तिची वृक्षरूप मांडणी करतो. त्याखालचा प्लॅनर कॅटलॉगमध्ये तक्त्यांची, रकान्यांची आणि इंडेक्सची, म्हणजे किल्लीवरून नोंद शोधण्याच्या सूचीची, माहिती पाहून नोंदींपर्यंत जाण्याचा मार्ग ठरवतो आणि एक्झिक्युटर त्या मार्गाने एकेक नोंद वर पाठवतो. माझा प्लॅनर नावापुरताच आहे. इंडेक्स असला तर तो वापरतो, नसला तर सगळा तक्ता चाळतो. साठवणुकीची रचना वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये, हा संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांच्या 1970 सालच्या संबंधात्मक प्रतिमानाचा, म्हणजे माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याच्या कल्पनेचा, आग्रह मी पूर्वी केवळ वाचला होता. पार्सरमधील एकाही ओळीला हात न लावता खालचा साठवणुकीचा थर तीनदा पाडून बांधता आला, तेव्हा तो मला खऱ्या अर्थाने कळला.

साठवणुकीचे एकक म्हणजे पान, डिस्कवरून एकदम वाचला-लिहिला जाणारा ठरावीक आकाराचा तुकडा. माझे पान 4096 बाइटांचे आहे. एसक्यूलाइट या प्रचलित डेटाबेसचा सध्याचा पूर्वनिश्चित आकारही तेवढाच आहे, तर पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तो 8192 बाइट असतो. इंडेक्ससाठी बी-प्लस वृक्ष घेतला, ज्यात आतली पाने फक्त वाट दाखवतात आणि नोंदी टोकाच्या पानांत असतात, कारण त्याचा हिशेब मोहात पाडणारा आहे. 8 बाइटांची किल्ली आणि 4 बाइटांचा पानक्रमांक मिळून 12 बाइट होतात, त्यामुळे शीर्षकाची, म्हणजे पानाच्या सुरुवातीच्या माहितीची, जागा सोडूनही एका आतल्या पानात खालच्या पानांकडे जाणाऱ्या 333 वाटा मावतात. टोकाच्या पानात 40 नोंदी धरल्या, तर तीनच पातळ्यांत सुमारे 44 लाख नोंदी बसतात. वृक्ष काठोकाठ भरलेला कधीच नसतो. पाने दोन तृतीयांश भरलेली मानली, तर हा आकडा 13 लाखांच्या आसपास येतो. तरीही तीन पाने वाचून हवी ती नोंद हाती लागते, यापुढे माझी तक्रार नाही.

खरा गुंता बफर पूलमध्ये, म्हणजे डिस्कवरील पाने मेमरीत तात्पुरती ठेवणाऱ्या भागात, झाला. माझ्या पूलमध्ये 64 पानांची जागा आहे. ती भरली की एखादे पान बाहेर काढावे लागते आणि ते मेमरीत बदललेले, म्हणजे ‘डर्टी’, असेल तर आधी डिस्कवर लिहावे लागते. व्यवहारांसाठी, म्हणजे पुरे व्हावेत नाहीतर मुळीच होऊ नयेत अशा बदलांच्या गटांसाठी, मी स्वतंत्र लॉग लिहिला होता, ज्यात प्रत्येक बदलाचे जुने आणि नवे मूल्य क्रमाने नोंदवले जाते. बफर पूल आणि लॉग हे दोन वेगळे भाग आहेत आणि त्यांना एकमेकांची ओळख असण्याचे कारण नाही, असे मी समजत होतो. रचना देखणी होती आणि चुकीचीही होती.

चूक एका साध्या चाचणीने दाखवली. 1000 खाती, प्रत्येकात 100 एकक. कोणत्याही दोन खात्यांमध्ये 50 एककांची हलवाहलव करत राहायचे, मध्येच प्रोग्राम मारायचा, पुन्हा उघडायचा आणि बेरीज करायची. बेरीज 1,00,000 यायलाच हवी. कधीकधी ती 99,950 येत होती. झाले असे, की अपूर्ण व्यवहाराने बदललेले पान जागा करण्यासाठी डिस्कवर गेले होते, पण त्या बदलाची लॉगमधील नोंद अजून मेमरीतच होती. प्रोग्राम मेला तेव्हा बदल उरला आणि तो उलटवण्यासाठी लागणारे जुने मूल्य मात्र नाहीसे झाले.

अपूर्ण व्यवहाराची पाने बाहेरच जाऊ द्यायची नाहीत, हा एक उपाय होता. मात्र 64 पानांहून मोठा व्यवहार आला की तो कोसळतो. संगणकशास्त्रज्ञ थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी 1983 च्या ज्या लेखात व्यवहारांच्या चार गुणधर्मांना ‘अ‍ॅसिड’ हे आद्याक्षरी नाव दिले, त्यातच अशी पाने बाहेर जाऊ देण्याला ‘स्टील’ आणि न देण्याला ‘नो-स्टील’ म्हटले आहे. मी ‘स्टील’ ठेवले आणि त्याची किंमत मोजली. आता प्रत्येक पानाच्या शीर्षकात त्यावरील शेवटच्या बदलाचा लॉगक्रमांक असतो आणि लॉग तेथपर्यंत डिस्कवर पोहोचल्याशिवाय बफर पूल ते पान लिहीत नाही. दोन्ही भागांची ओळख करून द्यावी लागली ती अशी.

बेरीज जुळू लागली आणि मी आठवडाभर निर्धास्त राहिलो. मग ध्यानात आले, की व्यवहार पक्का करताना ‘एफसिंक’, म्हणजे लिहिलेला मजकूर खरोखर डिस्कवर पोहोचवण्याची आज्ञा, बोलावण्याचेच मी विसरलो होतो आणि तरीही प्रत्येक चाचणी पार पडत होती. याचे कारण असे, की प्रोग्राम मेला तरी त्याने लिहायला दिलेला मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत सुरक्षित असतो आणि सवडीने डिस्कवर जातो. वीज गेल्यावर मात्र तो उरेलच असे नाही. म्हणून फाइल आणि इंजिन यांच्यामध्ये एक खोटा थर घातला, जो ‘एफसिंक’ न झालेले लेखन कोणत्याही क्षणी फेकून देतो. या थरावर जुन्या लॉगने पहिल्याच फेरीत मान टाकली. असे इंजिन कुणी बांधत असेल, तर हा थर लॉगच्याही आधी लिहावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

एक भोक अजून उघडे आहे. वीज पान लिहिले जात असतानाच गेली, तर अर्धे पान नवे आणि अर्धे जुने राहू शकते. चेकसममुळे, म्हणजे पानातील मजकुरावरून काढलेल्या ताळ्याच्या आकड्यामुळे, असे पान ओळखू येते, पण दुरुस्त करता येत नाही. कारण माझ्या लॉगमध्ये केवळ बदललेली मूल्ये असतात आणि ती बसवायला मुळात धड पान लागते. पोस्टग्रेएसक्यूएल प्रत्येक चेकपॉइंटनंतर, म्हणजे बदललेली पाने डिस्कवर उतरवण्याच्या टप्प्यानंतर, पान प्रथम बदलताना संपूर्ण पानाची प्रत लॉगमध्ये ठेवते. तीच पद्धत उचलण्याचे ठरवले आहे. लॉग किती फुगतो, हे चेकपॉइंटमधील अंतर बदलून मोजून पाहीन आणि आकडे पुढच्या नोंदीत देईन.