घातक कचऱ्याच्या परवानगीची फाइल माझ्या हाती आली तेव्हा

भोसरी एमआयडीसीत आमचं जस्त प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने नट, बोल्ट, ब्रॅकेट पाठवतात, आम्ही त्यांवर जस्ताचा थर चढवून परत देतो. धंदा सासऱ्यांनी उभा केला, आता नवरा आणि दीर चालवतात. हिशेब माझ्याकडे होते. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सगळं काम एक सल्लागार बघायचे. वयामुळे त्यांनी काम थांबवलं आणि नेमकं त्याच वर्षी आमच्या कन्सेंटचं, म्हणजे कारखाना चालवायला मंडळ देतं त्या परवानगीचं, रिन्यूअल आलं. फाइल माझ्या टेबलावर आली.

प्लेटिंग मंडळाच्या वर्गवारीत ‘रेड’, म्हणजे सर्वांत जास्त प्रदूषणाच्या प्रवर्गात येतं, आणि ते योग्यच आहे. आमच्याकडे आम्ल आहे, क्षार आहेत, पॅसिव्हेशनच्या, म्हणजे जस्ताचा थर टिकावा म्हणून भाग बुडवायच्या टाकीत क्रोमियम आहे. धुण्याचं पाणी ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत जातं. तिथे चुना घालून धातू खाली बसवतात, फिल्टर प्रेसमधून गाळाच्या वड्या निघतात. आमचे ऑपरेटर काका त्याला ‘केक’ म्हणतात. हा केक उघड्यावर किंवा नाल्याकाठी टाकला, तर त्यातले धातू पावसात जमिनीत उतरतात. म्हणून कायद्याने तो घातक कचरा ठरतो. १९८९ साली देशात त्यासाठी पहिले नियम आले, २००८ मध्ये ते नव्याने लिहिले गेले आणि सध्या २०१६ चे नियम लागू आहेत.

महाराष्ट्रात जलकायद्याचं आणि हवाकायद्याचं संमतीपत्र आणि घातक कचऱ्याचं प्राधिकारपत्र एकत्रच मिळतं. बोलताना सगळे त्याला नुसतं ‘कन्सेंट’ म्हणतात. त्यामुळे माझी अशी समजूत होती की एक अर्ज, एक शुल्क, एक कागद. प्रत्यक्षात त्यात तीन कायदे आहेत आणि तिन्हींची भाषा वेगळी.

अर्ज मंडळाच्या पोर्टलवर भरायचा. पहिलाच मोठा कागद सीएचं प्रमाणपत्र. कंपनीत एकूण भांडवली गुंतवणूक किती, म्हणजे जमीन, इमारत, यंत्रं, आणि तीसुद्धा घसारा वजा न करता. सासऱ्यांच्या काळातल्या टाक्या, जुना रेक्टिफायर, नंतर घेतलेली बॅरल लाइन (छोटे भाग फिरत्या पिंपात घालून प्लेटिंग करायची यंत्रणा), सगळं खरेदीच्या किमतीला धरून. आमच्या सीएंनी ताळेबंदातला घसारा वजा झालेला आकडा दिला होता, तो बदलून घ्यावा लागला. हे एवढं महत्त्वाचं का, हे मला पुढे कळलं. संमतीशुल्क या आकड्यावर ठरतं. अर्जावर सही उपप्रादेशिक कार्यालयात होणार, प्रादेशिक कार्यालयात होणार की फाइल मुंबईत सायनच्या मुख्यालयात जाणार, हेही बरंचसं त्यावरच ठरतं.

शुल्काचा आकडा बघून मी नवऱ्याला विचारलं, “हे पैसे जातात कुठे?” तो म्हणाला, “सरकारला.” हे उत्तर पूर्ण बरोबर नाही, असं मला वाचताना लक्षात आलं.

मंडळ हे राज्य सरकारचं खातं नाही. १९७४ च्या जलकायद्याने प्रत्येक राज्यात असं मंडळ नेमायला सांगितलं. महाराष्ट्रात तर ते त्याच्याही आधी, १९६९ च्या राज्याच्या स्वतःच्या कायद्याखाली, १९७० मध्ये उभं राहिलं होतं. अध्यक्ष आणि सदस्य सचिव सरकार नेमतं. सदस्यांत सरकारी अधिकारी, महापालिका-नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी आणि शेती, मासेमारी, उद्योग यांच्या बाजूची माणसं असतात. मंडळाला स्वतःचा निधी ठेवायचा अधिकार कायद्याच्या ३७ व्या कलमाने दिला आहे. ३५ व्या कलमात राज्य सरकारने मंडळाला अंशदान द्यावं अशी तरतूद आहे, पण ती ‘देऊ शकेल’ अशा स्वरूपाची. आपल्या राज्यात मंडळाची मुख्य मिळकत ही उद्योगांकडून येणारं संमतीशुल्क आहे. म्हणजे माझ्या केकवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचा पगार माझ्या शुल्कातून निघतो.

पूर्वी आणखी एक वाट होती. १९७७ च्या कायद्याने पाण्यावर उपकर होता, हजार लिटरमागे काही पैसे. आम्ही दरमहा त्याचं विवरणपत्र भरायचो, जुन्या फाइलीत त्या पिवळट प्रती अजून आहेत. पैसा केंद्राकडे जायचा आणि त्यातला ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग मंडळाला परत यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हा उपकर गेला. तेव्हापासून मंडळांचा भार शुल्कांवर जास्त आला. शुल्क भरणारा उद्योग आणि देखरेख करणारी यंत्रणा यांचं नातं इतकं थेट असावं का, याबद्दल माझ्या मनात दोन मतं नाहीत. प्रदूषण करणाऱ्याने खर्च सोसावा, हे मला पूर्ण पटतं. करदात्याने आमच्या क्रोमियमचा खर्च का उचलायचा? पण मग त्या पैशाचं माणसांत, प्रयोगशाळांत, गाड्यांत रूपांतर झालेलं दिसलं पाहिजे. तिथे गाडी अडते.

ती कशी अडते, हे मंडळाचे क्षेत्र अधिकारी भेटीला आले तेव्हा कळलं. शांत स्वभावाचे, नीट काम करणारे. त्यांच्याकडे शेकडो युनिट आहेत. त्यातच हॉस्पिटलचा जैववैद्यकीय कचरा, गणपतीच्या दिवसांत आवाज मोजणं, नदीत फेस आला की धावणं, हेही त्यांच्याच गळ्यात. ते म्हणाले, “मॅडम, तुमच्याकडे मी वर्षात दोनदा यायला हवं. जमतं तेव्हा येतो.” देशभरातल्या राज्य मंडळांत मंजूर पदांपैकी निम्म्याच्या आसपास रिकामी असल्याचं चित्र अलीकडे राष्ट्रीय हरित लवादापुढेही आलं आहे. साहेबांचं वाक्य मला त्या आकड्यापेक्षा जास्त बोललं.

त्यांनी ईटीपीच्या आउटलेटचं पाणी बाटल्यांत घेतलं. मंडळाच्या अशा तपासणीच्या नमुन्याला जेव्हीएस म्हणतात. तपासणीचे पैसे आम्हीच भरतो. मग ते गाळाच्या शेडकडे आले आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नाने माझे पुढचे बरेच दिवस घेतले. “तुम्ही वर्षाला एवढं जस्त विकत घेता, एवढं पाणी वापरता, चुना एवढा टाकता. मग गाळ इतका कमी कसा?”

जुन्या संमतीपत्रात गाळाचं प्रमाण सल्लागारांनी कधीतरी लिहिलं होतं आणि प्रत्येक रिन्यूअलला तेच पुढे आलं होतं. मधल्या काळात बॅरल लाइन आली, काम वाढलं, गाळ वाढला. प्रत्यक्षात पाठवलेला गाळ मॅनिफेस्टवर, म्हणजे कचऱ्याच्या गाडीबरोबर जाणाऱ्या कागदावर, बरोबर होता, पण तो परवानगीतल्या आकड्याच्या वर जात होता. कागदावर बघणाऱ्याला दोनच अर्थ दिसतात. एक तर परवानगीबाहेर काम चाललंय, किंवा उरलेला गाळ कुठेतरी भलतीकडे जातोय.

मी, काका आणि दीर असे बसलो आणि जस्ताचा आणि गाळाचा ताळेबंद मांडला. किती जस्त अॅनोडमधून विरघळतं, किती भागांवर चढतं, किती धुण्याच्या पाण्यातून वाहून जातं. चुन्यापासून किती घनभार तयार होतो. सगळ्यात जास्त गोंधळ ओलाव्याचा होता. प्रेसमधून निघालेला केक आणि वाळवणीवर आठवडाभर ठेवलेला केक यांच्या वजनात फार फरक पडतो. पावसाळ्यात तो वाळतच नाही. आमच्या नोंदवहीत वाळल्यानंतरचं वजन, तर आमचा गाळ जातो त्या रांजणगावच्या घातक कचरा प्रक्रिया केंद्राच्या काट्यावर त्या दिवशी जे असेल ते. तिथलं बिल टनावर होतं, त्यामुळे पावसाळ्यात आम्ही पाण्याचेही पैसे भरत होतो. आता फॉर्म ३ च्या नोंदवहीत आम्ही ओलं वजन, वाळलेलं वजन आणि केंद्राच्या काट्याचं वजन असे तीन रकाने ठेवतो. नियमात एवढं मागितलेलं नाही, पण पुढे कुणीही विचारलं तर उत्तर तयार असतं.

वर्गवारीचाही प्रश्न होता. नियमांच्या अनुसूचीत बाराव्या गटात धातूच्या पृष्ठभागावरच्या प्रक्रियांचा कचरा येतो, ईटीपीचा गाळ ३५.३ मध्ये, रसायनांचे रिकामे बॅरल ३३.१ मध्ये आणि वापरलेलं ऑइल ५.१ मध्ये. आमच्या जुन्या कागदावर सगळंच ३५.३ होतं. टाकीच्या तळाचा गाळ वेगळा दाखवायला हवा होता, तो दाखवला. रिकामे बॅरल भंगारवाल्याला देणं इथे सर्रास चालतं. कुणीतरी तेच बॅरल धुऊन पाण्याला वापरतं. आम्ही ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला द्यायला सुरुवात केली. मिळणारे पैसे कमी झाले, ते मान्य.

प्लेटिंगच्या धंद्यातल्या नव्या माणसाला मॅनिफेस्टबद्दल मी आवर्जून सांगते. फॉर्म १० च्या सात रंगांच्या प्रती असतात. पांढरी आपण मंडळाला पाठवायची, पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन आपल्याकडे ठेवायची. बाकीच्या पाच गाडीबरोबर जातात. गुलाबी केंद्राकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला, हिरवी केंद्र मंडळाला पाठवतं आणि निळी आपल्याकडे परत येते. राखाडी कचरा परराज्यात गेला तर. आपल्यासाठी निळी सर्वांत मोलाची, कारण ती आली नाही तर आपला गाळ पोचल्याचा पुरावाच हातात नाही. गाडी गेटबाहेर पडली की आपण सुटलो, असं नियम मानत नाहीत. कचऱ्याने पर्यावरणाची हानी झाली तर कचरा निर्माण करणाराही जबाबदार धरला जातो. मी निळ्या प्रती येईपर्यंत फोन करत राहते.

साठवणुकीची मर्यादा नव्वद दिवसांची. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा असलेल्या लहान युनिटांना मंडळ ती १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं, पण त्यासाठी मागावं लागतं. आम्ही मागितलं नाही. शेड लहान आहे आणि गाळ जितका लवकर जाईल तितका बरा.

गाळाचा सुधारित ताळेबंद, प्रक्रिया केंद्राचं सभासदत्व, मागच्या मॅनिफेस्टच्या प्रती, गाळाचा विश्लेषण अहवाल, सीएचं नवं प्रमाणपत्र आणि वाढलेल्या गुंतवणुकीच्या फरकाचं शुल्क, हे सगळं पोर्टलवर चढवलं. नियमात प्राधिकारपत्रासाठी १२० दिवसांची मुदत आहे. आमची फाइल त्याच्या आत हलली, मध्ये दोन प्रश्न आले, दोन्हींना लेखी उत्तर दिलं. तोंडी उत्तर कधी देऊ नका, साहेब कितीही चांगले असले तरी. बदली झाली की तोंडी उत्तर त्यांच्याबरोबर जातं.

मंजुरीत अट आली, ईटीपीत सुधारणा ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची आणि त्यासाठी बँक गॅरंटी द्यायची. अट पाळली नाही तर ती रक्कम मंडळ जप्त करतं. छोट्या युनिटला हे जड जातं, कारण तेवढे पैसे बँकेत अडकतात. पण मला ही पद्धत दंडापेक्षा शहाणपणाची वाटते. दंड प्रदूषण झाल्यावर येतो, गॅरंटी आधी. घातक कचऱ्याचे नियम ज्याच्याखाली येतात त्या पर्यावरण संरक्षण कायद्यात एप्रिल २०२४ पासून तुरुंगाच्या शिक्षेऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आला आहे. अट अन्यायाची वाटली तर जलकायद्याच्या २८ व्या कलमाखाली तीस दिवसांत अपील करता येतं, हेही माहीत असू द्या.

आता दरवर्षी ३० जूनपर्यंत फॉर्म ४, म्हणजे घातक कचऱ्याचं वार्षिक विवरणपत्र, मी स्वतः भरते. राज्य मंडळ अशा सगळ्या विवरणपत्रांतून राज्याच्या घातक कचऱ्याची यादी तयार करून ३० सप्टेंबरपर्यंत केंद्रीय मंडळाला देतं. आपण आकडा ढकलून भरला की राज्याचा आकडाही तेवढाच ढकललेला असतो. ज्या राज्याला आपल्याकडे किती गाळ आहे हे माहीत नाही, ते पुढची भू-भरण जागा, म्हणजे असा कचरा पुरायची जागा, किती मोठी लागेल हे कसं ठरवणार? अशी जागा भरून बंद झाल्यावरही तीस वर्षं तिच्याखालच्या पाण्यावर लक्ष ठेवायचं असतं. तो खर्च आजच्या आपल्या बिलांतूनच बाजूला पडायला हवा.

मंडळाने अर्थसंकल्प राज्य सरकारला द्यायचा, वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण झालेले हिशेब विधिमंडळासमोर ठेवायचे, असं जलकायद्यात लिहिलेलं आहे. विधिमंडळ म्हणजे आपणच निवडून दिलेले आमदार. आमच्या उद्योजक संघटनेच्या बैठकीत मी हे मांडलं. आपण शुल्क कमी करा म्हणत राहतो, त्यापेक्षा शुल्क कुठे खर्च होतं ते विचारू या, असं म्हटलं. काहींना आवडलं नाही. अधिकारी वाढले तर आपल्याकडेही जास्त येतील, असं एकाने सरळ बोलून दाखवलं. येऊ देत. शेजारच्या गल्लीत रात्री टँकर नाल्यात रिकामा करणारा माणूस आमच्यापेक्षा स्वस्तात काम देतो, कारण तो रांजणगावचं बिल भरत नाही. त्याच्याकडे अधिकारी गेले नाहीत तर माझं प्रामाणिक बिलच मला महागात पडतं.

शेवटी संघटनेने स्थानिक आमदारांना पत्र द्यायचं ठरवलं. मागण्या दोन आहेत. आपल्या विभागातली क्षेत्र अधिकाऱ्यांची मंजूर आणि भरलेली पदं दरवर्षी जाहीर करावीत, आणि संमतीशुल्काच्या जमेतून घातक कचऱ्याच्या देखरेखीवर किती खर्च झाला तो आकडा वार्षिक अहवालात वेगळा दाखवावा. पत्राचा मसुदा मीच लिहिला. त्यावर सह्या गोळा करणं चालू आहे आणि अधिवेशनाआधी ते द्यायचं आहे.