शाळा "जमणार नाही" म्हणते तेव्हा

आज परभणीत डाऊन सिंड्रोम असलेल्या लेकरांच्या आई-वडिलांशी बोलणं झालं. जो तो एकच विचारत होता: शाळा प्रवेशाला "जमणार नाही" म्हणते, काय करावं?

तोंडी नकार ऐकून माघारी फिरू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकारही लेखीच मागा आणि ते कागद घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 31: 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या लेकराला जवळच्या साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीनं, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते काढा.

गुरुजींना मात्र नीट समजावून सांगा. ही लेकरं बघून जास्त पक्कं शिकतात, म्हणून शब्दासोबत चित्र हवं. सूचना एका वेळी एकच. मग मनात दहा मोजेपर्यंत थांबायचं. मध्येच परत बोललं की लेकराचा विचार तुटतो. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं मुळीच नाही!

"ऐकतच नाही" अशी तक्रार आली तर पहिल्यांदा कान तपासा. पडद्यामागं पाणी साचून ऐकू कमी येतं, हे या लेकरांत फार होतं. थायरॉइड दरवर्षी बघा. कोलांटउडी नको, मानेचे वरचे सांधे सैल असू शकतात. बाकी लेझीम, झेंडावंदन, सगळ्यात घ्या. डबा सगळ्यांसोबत, आणि फळा पुसायची पाळी त्यालाही द्या.