नुसतं फिरवून ऐकत नाही

एंडोस्कोपीच्या खोलीत कंपनीच्या माणसाने कुठं उभं राहायचं हे न सांगताच ठरलेलं असतं. पडदा दिसला पाहिजे, पण ट्रॉलीच्या वाटेत यायचं नाही, सक्शनच्या नळीवर पाय द्यायचा नाही आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. ठाण्यातल्या एका रुग्णालयात मी रीतसर परवानगी काढून अधूनमधून असा उभा राहतो. आमची कंपनी रबाळे एमआयडीसीत. छोटीच आहे. एंडोस्कोपच्या आतून पोटात जाणारी अवजारं आम्ही बनवतो: बायोप्सी फोर्सेप्स, पॉलिप कापायचे स्नेअर, पोरांनी गिळलेली नाणी काढायच्या जाळ्या. मी तिथं डिझाइन बघतो.

मालकांची सुरुवात दुरुस्तीपासून झाली. १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं आणि पुढच्या काही वर्षांत मुंबई-ठाण्यात जो तो सर्जन दुर्बीण घेऊ लागला. अवजारं सगळी परदेशी. एखादा ग्रास्पर, म्हणजे आत पकडायचा लांब चिमटा, मोडला की काम अडायचं. आमचे मालक वागळे इस्टेटच्या एका गाळ्यात ते जोडून द्यायचे. जोडता जोडता मोडतं कुठं ते कळलं, आणि मग स्वतः बनवायला लागले. त्यामुळे त्यांचा ड्रॉइंगवर विश्वास जरा कमीच. ‘वापरणाऱ्याकडे जाऊन बघ,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि म्हणून माझ्या या फेऱ्या.

त्या सुमारास माझ्या टेबलावर क्लिप होती. वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती पाहिली नसेल, म्हणून थोडं सांगतो. पोटात, आतड्यात रक्तस्राव होत असेल तर एंडोस्कोपमधून आत जाऊन ती जागा चिमटीत धरून बंद करता येते. ही कल्पना १९७५ च्या सुमारास जपानमधून आली. क्लिप म्हणजे स्टीलचे दोन छोटे जबडे. मागे दोन मीटरच्या वर लांबीची बारीक स्प्रिंगसारखी गुंडाळलेली केबल, तिच्या पोटातून जाणारी तार, आणि शेवटी हातात धरायचं हँडल. हँडलची सरक मागे ओढली की जबडे मिटतात. जागा चुकली असेल तर पुन्हा उघडता येतात. जोर लावून ओढलं की आतला मुद्दाम नाजूक ठेवलेला दुवा तुटतो, क्लिप तिथंच राहते आणि केबल बाहेर येते. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी जखम भरली की क्लिप आपोआप सुटून शौचावाटे निघून जाते.

हे सगळं साध्या गॅस्ट्रोस्कोपच्या, म्हणजे जठर बघायच्या एंडोस्कोपच्या, २.८ मिलिमीटरच्या चॅनलमधून, अवजारं आत सोडायच्या पोकळीतून, जायचं असतं. उघडणं, मिटणं, सुटणं ही कामं आमचा नमुना नीट करत होता. अडत होतं ते फिरण्यावर. जबडे कोणत्या दिशेला उघडतील हे आत गेल्यावर आपल्या हातात नसतं, त्यामुळे हँडलचा नॉब फिरवून ते हवे तसे वळवावे लागतात. केबल सरळ असेल तर नॉब फिरवला तेवढीच क्लिप फिरते. पण स्कोप घशातून, जठराच्या वळणातून गेला, पुढचं टोक वाकवलं, की केबल प्रत्येक वळणावर भिंतीला घासते. घर्षणाचा स्वभाव असा की वळणं वाढली की ते बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. तुम्ही नॉब फिरवता, केबल आतल्या आत पीळ साठवत राहते, टोक ढिम्म. मग एकदम सगळा पीळ सुटतो आणि क्लिप अर्धा फेरा उडी मारते. बाजारातल्या भल्याभल्या क्लिपांनाही हा रोग कमीजास्त प्रमाणात आहे. माझा उपाय सर्वमान्य होता: केबल आणखी भक्कम करायची, तारांचे थर उलटसुलट गुंडाळायचे. त्याने किंमत वाढत होती आणि केबल इतकी ताठ होत होती की वाकलेल्या टोकातून पुढे सरकायलाच नकार देत होती.

तर त्या दिवशी सकाळच्या यादीत साध्या तपासण्या होत्या. अकराच्या सुमारास कॅज्युअल्टीतून एक पेशंट वर आला. साठीचे गृहस्थ. गुडघ्यासाठी केमिस्टकडून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मनानेच कित्येक दिवस घेत होते. दोन दिवस डांबरासारखी काळी शौच आणि पहाटे रक्ताची उलटी. रक्त चढवणं सुरू होतं. भूलतज्ज्ञ येऊन उशाशी उभे राहिले. मी बाहेर जाऊ का, असं नजरेनं विचारलं. डॉक्टरांनी ‘थांबा’ अशी खूण केली.

स्कोप जठरातून पुढे ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात गेला, तर मागच्या भिंतीवर अल्सर आणि त्याच्या तळाशी रक्तवाहिनीचं तोंड, झिरपत असलेलं. मागची भिंत ऐकल्यावर खोलीतलं बोलणं थांबलं. त्या भिंतीच्या मागूनच एक मोठी धमनी जाते. अल्सर तिथवर पोहोचला तर पुढचं मी सांगायला नको. शिवाय ती जागा स्कोपच्या समोर येत नाही. बाजूनं, तिरकं बघत काम करावं लागतं.

आधी पातळ केलेलं ॲड्रिनालिन कडेनं टोचलं. रक्त मंदावलं. पण नुसत्या त्या इंजेक्शनवर विसंबत नाहीत. थोड्या वेळाने ते उतरतं, म्हणून जोडीला क्लिप किंवा उष्णतेचा उपाय करतातच. क्लिप मागवली. बाजारातली, त्यांच्या नेहमीच्या वापरातली. माझ्या बॅगेत आमचा नमुना होता, पण तो पेशंटच्या जवळ नेण्याचाही प्रश्न नव्हता. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांप्रमाणे माणसावर चाचणी करायची तर त्याची वेगळी परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे.

हँडल एका नव्या मुलाच्या हातात होतं. टेक्निशियन, काम शिकत असलेला, पण हुशार. जबडे उघडले ते आडवे, आणि रक्तवाहिनीही आडवीच. तिला चिमटीत धरायचं तर जबडे उभे हवेत.

“फिरव,” डॉक्टर म्हणाले.

त्याने फिरवलं. पडद्यावर काही हललं नाही.

“अजून.”

अजून फिरवलं, आणि क्लिपने उडी मारली. उभी होऊन थांबण्याऐवजी पुन्हा जवळपास आडवी झाली, आणि जाता जाता एक जबडा अल्सरच्या कडेला घासला. झिरपणं वाढलं, पडदा लाल झाला. पाणी मारलं, सक्शन केलं. पुन्हा तेच. त्या मुलाच्या कपाळावर घाम आलेला मला दिसत होता. चूक त्याची काडीमात्र नव्हती. माझ्या टेबलावर महिनोन्‌महिने हेच चाललं होतं, फक्त तिथं रक्त नव्हतं.

सिनिअर सिस्टर नोंदी लिहीत होत्या. कळव्याहून येतात, बरीच वर्षं याच खोलीत आहेत. त्यांनी पेन ठेवलं, ग्लोव्ह बदलले, “दे रे इकडं,” म्हणून हँडल घेतलं. आधी लोंबणारी केबल सरळ केली, म्हणजे एक पाऊल मागे सरकून उभ्या राहिल्या. मग नॉब फिरवायला लागल्या, आणि पडद्यावर क्लिप घड्याळाच्या काट्यासारखी शांतपणे वळली. उभी झाली. थांबली.

खोलीतले सगळे पडद्याकडे बघत होते. मी मात्र जे होणं शक्य नाही असं महिनोन्‌महिने म्हणत होतो तेच होताना बघितलं, त्यामुळे माझी नजर मागे गेली, केबलवरून हँडलवर आणि हँडलवरून सिस्टरच्या हातांवर. उजवा हात नॉब फिरवत होता. डावा हात हँडल धरून अगदी किंचित मागेपुढे, मागेपुढे करत होता. इतकं कमी की हात थरथरतोय असं वाटावं.

“मिटा,” डॉक्टर म्हणाले. मिटली. “उघडा. जरा खाली... मिटा. सोडा.” हँडलमध्ये टक् असा आवाज झाला. शेजारी दुसरी क्लिप लावली, तीही पहिल्याच फेऱ्यात बसली. पाण्याची धार मारून बराच वेळ बघत राहिले. रक्त नव्हतं.

नंतर पॅन्ट्रीत चहा घेताना मी सिस्टरना विचारलं. त्यांना आधी प्रश्नच कळला नाही.

“काय करत होते म्हणजे? फिरवत होते.”

“पण मागेपुढेही करत होतात ना?”

“हां, ते. अहो, नुसतं फिरवून ऐकत नाही ते. जरा मागंपुढं करत फिरवायचं. पूर्वी आमच्याकडं ते पुन्हा पुन्हा भरायचं हँडल होतं ना, क्लिप हातानं बसवायचं, ते तर याच्याहून हट्टी. तेव्हाची सवय आहे.”

“डॉक्टरांना माहीत आहे?”

“त्यांना कशाला सांगायचं?”

डॉक्टरांना मी विचारलंच. ते काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, “खरं सांगू? मी कायम पडद्याकडे बघत असतो. ती मागे काय करते हे मी कधी पाहिलेलंच नाही. तिच्या हातात असलं की काम नीट होतं एवढं माहीत होतं.”

दिघ्याच्या सिग्नलला अडकलो तेव्हा डोक्यात कारण जुळलं. घर्षण नेहमी सरकण्याच्या उलट दिशेने काम करतं. केबल लांबीच्या दिशेने आधीच सरकत असेल, तर घर्षणाची बहुतेक ताकद ते सरकणं अडवण्यात जाते, आणि फिरण्याला विरोध करायला फारसं काही उरत नाही. बोटात रुतलेली अंगठी सरळ ओढून निघत नाही, फिरवत ओढली की निघते, तेच हे, फक्त उलट बाजूने. सतत सरकत ठेवल्यामुळे पीळ साठतच नाही, आणि साठत नाही म्हणून उडीही नाही. कॉलेजात शिकलेलं साधं बलविज्ञान. मी केबलच्या तारांमध्ये उत्तर शोधत होतो, म्हणून तिकडे बघितलंच नव्हतं.

रबाळ्याला पोहोचल्यावर जेवण तसंच ठेवून टूलरूममध्ये गेलो. आमच्याकडे चाचणीसाठी एक फळी आहे, तिच्यावर खुंट्या ठोकून टेफ्लॉनची नळी स्कोपच्या वळणांसारखी फिरवलेली आहे. एका टोकाला नॉब, दुसऱ्या टोकाला कोनमापक. जुनी, स्वस्त, आम्ही टाकून दिलेली केबल घातली. नुसतं फिरवलं तर नॉब पाऊण फेरा फिरेपर्यंत टोक ढिम्म, मग उडी. सिस्टरसारखं मागेपुढे करत फिरवलं तर टोक थोडं मागून, पण इमानदारीत चालत आलं. टूलरूमच्या काकांनी स्वतः करून बघितलं आणि म्हणाले, “म्हणजे एवढे महागडे वायर आणवले ते?” मी काही बोललो नाही.

उरलेला दिवस आणि रात्रीचा बराच भाग एका कॅममध्ये, म्हणजे फिरता फिरता दुसरा भाग सरकवणाऱ्या चकतीत गेला. कल्पना अशी: नॉबच्या आत लाटेसारखी कड असलेली एक चकती बसवायची, म्हणजे नॉब फिरवला की केबल आपोआप मागेपुढेही होईल. सिस्टरचं काम चकती करेल. यात एक मेख होती. जबडे मिटतात तेही तार मागे ओढल्यानेच, त्यामुळे मागेपुढे करताना क्लिप उघडमीट करायला लागली असती. म्हणून तार आणि केबल दोन्ही एकत्र हलवायच्या, केबलवरचं बाहेरचं आवरण स्थिर ठेवायचं. काकांनी रात्री दहाला लेथवर पितळेची पहिली चकती काढली.

हालचाल किती ठेवायची हा खरा प्रश्न. कमी ठेवली तर ती वळणांतल्या ढिलाईत विरून जाते, जास्त ठेवली तर टोक अल्सरमध्ये टोचतं. हे फळीवर कळत नाही. त्यासाठी सकाळी ऐरोलीच्या मटणवाल्याकडे गेलो. बकऱ्याच्या जठराला चार कप्पे. लोक वजडी म्हणून नेतात ते बहुतेक पहिले. आपल्याला हवा तो शेवटचा, माणसाच्या जठराशी त्यातल्या त्यात जुळणारा, आणि न धुतलेला. मटणवाल्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पैसे घेतले नाहीत. हालचालीचा आकडा मी इथं देत नाही, तो अर्जात आहे.

अर्जावरून मग वाद झाला. पेटंटच्या अर्जात शोध लावणाऱ्यांची नावं द्यावी लागतात. मालक म्हणाले, तुझं आणि डॉक्टरांचं नाव टाकू. मोठे डॉक्टर आहेत, विकताना उपयोग होईल. सिस्टरना एखादी साडी, पाकीट काहीतरी देऊ. यात त्यांचा कंजूषपणा नव्हता. त्यांच्या मते चकती मी काढली, सिस्टरनी फक्त सवयीने हात हलवला. मला हे पटलं नाही. चकती काढणं हे हिशेबाचं काम आहे, माझ्याऐवजी दुसऱ्या कुणीही ती काढली असती. काय साधायचं हे सिस्टरच्या हातात आधीपासून होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नव्हतं इतकंच. डॉक्टरांनीच तिढा सोडवला. “मी काय केलं यात?” म्हणाले आणि स्वतःचं नाव घालू दिलं नाही. पेटंट ॲटर्नींनीही सांगितलं की दाव्यातली मूळ कल्पना ज्याची, त्याचं नाव हवं. मोठेपणासाठी नावं जोडणं अंगाशी येऊ शकतं. रुग्णालयाचं संमतिपत्र मिळवायला मात्र शोध लावण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

सिस्टरकडे कागद नेले तेव्हा त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले. “यानं माझ्या नावावर काही कर्जबिर्ज येणार नाही ना?” नाही म्हटलं. “टॅक्स?” पैसे आले तर, म्हटलं. मग आधारवरचं नाव आणि नोकरीतलं नाव वेगळं, लग्नाआधीचं आडनाव कुठलं लिहायचं, यात अर्धा तास गेला. अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात दाखल झाला, म्हणूनच हे लिहितोय. आधी लिहिलं असतं तर कल्पनेचं नवेपण माझ्याच हाताने गेलं असतं. आता आधीचं असं काही जगात कुठं आहे का, हे तपासणारे तपासतील.

गेल्या आठवड्यात हँडलचा प्लास्टिकचा पहिला नमुना, अर्थात नुसता हातात धरून बघायला, त्यांच्याकडे नेला. त्यांनी ग्लोव्ह घालून नॉब फिरवला. फिरला. मग हँडल माझ्या हातात परत दिलं.

“चालतंय चांगलं. पण कुणाच्या मापानं बनवलंय? माझा ग्लोव्ह साडेसहाचा आहे. अंगठा पोचेपर्यंत डॉक्टर ओरडतील.”

माप माझ्या हाताचं होतं. मालक म्हणतात, साच्याचे पैसे देऊन झालेत, आता बदलायचं म्हणजे मोठा खर्च. मी नवीन ड्रॉइंग काढून त्यांच्या टेबलावर ठेवलंय.